बीव्हरचं कातडं सोलायला सुरी निवडताना

फरसाठी प्राणी सापळ्यात धरायच्या परवान्याचे नियम छापील मिळतात. कुठे अर्ज करायचा, कुठली परीक्षा द्यायची, काय भरायचं, सगळं लिहिलेलं असतं. कातडं सोलायच्या सुरीबद्दल मात्र जितक्या अनुभवी माणसांना विचारावं तितकी उत्तरं मिळतात आणि प्रत्येक जण आपल्या उत्तरावर ठाम असतो. या कामात मी अगदी नवखी होते. घरात कुणी कधी शिकार केलेली नाही. मराठीत याबद्दल वाचायला काहीच सापडेना, म्हणून माझं हे पहिलं वर्ष जसं घडलं तसं लिहून ठेवतेय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हा सगळा अनुभव कॅनडातला, उत्तर ऑन्टारिओतला आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राणी सापळ्यात पकडणं हीसुद्धा शिकारच धरली जाते आणि तो गुन्हा आहे. तिथे हे करू नका. इथे फरधारी प्राण्यांचा हंगाम ठरलेला असतो, परवाना लागतो आणि किती प्राणी धरले याची नोंद सरकारला द्यावी लागते.

आमच्या जमिनीतून एक ओढा जातो आणि घराकडे येणारा कच्चा रस्ता त्याच्यावरून, एका मोरीवरून येतो. २०२२ च्या वसंतात बीव्हरांनी, म्हणजे फांद्या-चिखलाने ओढ्याला बांध घालणाऱ्या, दाट फरच्या मोठ्या कुरतडणाऱ्या प्राण्यांनी, ती मोरी बुजवली आणि रस्ता पाण्याखाली गेला. आम्ही मोरीपुढे जाळीचं कुंपण केलं, बांधातून पाणी काढून देणारा लांब पाइप बसवला. काही महिने त्याचा उपयोग झाला. मग त्यांनी थोडं वरच्या अंगाला नवा बांध घातला. शेजारी एक वयस्कर ट्रॅपर, म्हणजे सापळे लावून फरधारी प्राणी धरणारे, राहतात, चाळीसेक वर्षं हेच काम करणारे. त्यांनी दोन बीव्हर धरले आणि त्यांची कातडी माझ्यासमोर सोलली. ते पाहताना माझ्या मनाशी पक्कं झालं की आमच्या जमिनीवर जनावर मारायची वेळ येणारच असेल, तर ते काम मी स्वतः शिकेन आणि त्याचं काही वाया जाऊ देणार नाही. त्या निश्चयामुळेच पुढे सुरीचा प्रश्न माझ्यासाठी एवढा मोठा झाला. बोथट किंवा चुकीच्या सुरीने कातड्याला भोकं पडली, तर ते जनावर निम्मं फुकट गेलं असंच मी धरते.

ऑन्टारिओत सापळ्याचा परवाना हवा असेल तर आधी चाळीस तासांचा एक अभ्यासक्रम करावा लागतो. त्यात फर काढणं, फरधारी प्राण्यांचं व्यवस्थापन आणि संवर्धन असं सगळं येतं, शेवटी परीक्षा असते. आमच्या भागात तो वर्षात मोजक्या वेळाच होतो. मी सप्टेंबर २०२२ मध्ये नाव नोंदवलं आणि जागा मिळाली ती जानेवारी २०२३ च्या तुकडीत, शनिवार-रविवारच्या वर्गांना. नाव नोंदवताना शुल्कात पुस्तक धरलंय का आणि कातडं सोलायचं प्रात्यक्षिक प्रत्येकाला स्वतःच्या हाताने करायला मिळतं का, हे दोन प्रश्न नक्की विचारा. दुसरा जास्त महत्त्वाचा. नुसतं बघून ही गोष्ट येत नाही.

पहिले वर्ग कायद्याचे आणि सापळ्यांचे होते. कॅनडा, युरोपीय संघ आणि रशिया यांच्यात १९९७ साली सापळ्यांच्या मानवी निकषांबद्दल करार झाला. ठार करणारा सापळा जनावराला किती वेळात बेशुद्ध करतो हे त्यात मोजलं जातं. अर्मिन या लहानशा फरधारी प्राण्यासाठी ४५ सेकंद, त्याहून मोठ्या मार्टेनसाठी १२० आणि बीव्हरसारख्या बहुतेक मोठ्या प्राण्यांसाठी ३०० सेकंद ही कमाल मर्यादा आहे. चाचणीतल्या निदान ८० टक्के जनावरांच्या बाबतीत ती पाळली गेली तरच सापळा पात्र ठरतो. हे आकडे वहीत उतरवताना माझा हात जड झाला होता. तरी ते माहीत असल्याशिवाय कुणाला परवाना मिळू नये असं मला मनापासून वाटतं.

कातडं सोलायचा दिवस फेब्रुवारीत होता. त्याआधी सुरी विकत घेऊन या, असं प्रशिक्षकांनी कुणालाच सांगितलं नाही. उलट म्हणाले, "घेऊ नका. आधी आमच्या वापरून बघा." हा मला मिळालेला सगळ्यात उपयोगी सल्ला. तुमच्या वर्गात कुणी असं म्हटलं नाही तरी तुम्ही तसंच करा. शेजाऱ्याकडे, ओळखीच्या ट्रॅपरकडे, जिथे मिळेल तिथे दुसऱ्याची सुरी हातात धरून निदान एक कातडं सोलून बघा, मग दुकानात जा.

त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की कुठली सुरी हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या जनावरासाठी, हे आधी ठरायला हवं. कातडं काढायच्या मुख्य पद्धती दोन. मस्करॅट (पाण्यात राहणारा मोठ्या उंदरासारखा प्राणी), मिंक (मुंगसासारखा लांबट प्राणी), रकून, कोल्हा, कायोटी यांचं कातडं मागच्या एका पायाच्या टाचेपासून गुदद्वाराजवळून दुसऱ्या टाचेपर्यंत चीर देऊन, पायातला मोजा उलटा करून काढावा तसं डोक्याकडे ओढून काढतात. यात सुरीचं काम फारच थोडं. सुरुवातीची चीर, शेपटीच्या मुळाशी, पुढच्या पायांपाशी, आणि शेवटी कान, डोळे, ओठ. बाकी सगळं बोटांनी, मुठीने आणि ओढून होतं. मस्करॅट तर सरावलेला माणूस दोन-तीन मिनिटांत मोकळा करतो. त्यातली सुरी काही सेकंदच हातात असते.

बीव्हर याच्या अगदी उलट. तो हनुवटीपासून गुदद्वारापर्यंत पोटावर सरळ चिरतात, पाय आणि शेपटी केसांच्या कडेला गोल कापून मोकळी करतात आणि कातडं उघडं, सपाट काढून लंबगोल ताणून वाळवतात. पायांवर उभी चीर द्यायची नाही, पाय आतून भोकातून ओढून घ्यायचे. बीव्हरचं कातडं ओढून निघत नाही. चरबी आणि चिवट पडदा त्याला असा घट्ट धरून असतो की इंच इंच पात्यानेच सोडवावं लागतं. मोठा बीव्हर वीस किलोच्या वर सहज भरतो, म्हणजे बराच वेळ सुरी हातात. मस्करॅटला जी सुरी पुरते ती इथे मनगट मोडेल. आणि बीव्हरची रुंद सुरी मिंकच्या डोळ्यापाशी नेली तर पापणीच कापून निघेल.

टेबलावर प्रशिक्षकांच्या सुऱ्या मांडल्या होत्या. एकेक घेऊन मी थोडं थोडं कातडं सोलत गेले. पहिली हातात आली ती मोठी, लांब पात्याची, दिसायला फार रुबाबदार. पातं साधारण सहा इंचांचं. टोक कुठे आहे हे मला कळेचना, कारण ते हातापासून फार दूर होतं. दुसरी होती नोव्हा स्कोशियातल्या पिक्टू गावच्या ग्रोहमन कंपनीची, लंबगोल पानाच्या आकाराचं पातं आणि किंचित खाली कललेली मूठ. ही इथली नावाजलेली सुरी, बऱ्याच जुन्या ट्रॅपरांच्या कमरेला दिसते. ती हातात बसली. पात्याचं पोट चांगलं वळलेलं असल्याने एका वेळी धारेचा थोडाच भाग कातड्याला लागत होता, आणि तिथेच मला फरक उमगला. धार सरळ असली की ती कातड्यावर सगळीकडून एकदम टेकते आणि कोपरा कुठेतरी रुततो. वळणदार धार मनगटाच्या हलक्या झोक्याने फिरते आणि चरबी नि कातडं यांच्यामधून सरकत जाते.

तिसरी सुरी पाती बदलायची होती, शस्त्रक्रियेच्या सुरीसारखी पातळ पाती लावायची. धार इतकी तेज की कापतंय हे जाणवतही नाही. कानाच्या मुळाशी आणि डोळ्याभोवती तिच्याइतकी नेमकी दुसरी कुठलीच वाटली नाही. पण बीव्हरच्या पाठीवर माझ्या शेजारच्या विद्यार्थ्याच्या हातात तिचं पातं किंचित पिळलं गेलं आणि तुटलं. तुटलेला तुकडा चरबीत शोधायला वर्ग थांबवावा लागला. प्रशिक्षकांनी सांगितलं की हातांना होणाऱ्या बऱ्याच जखमा या पाती बदलतानाच होतात. बोटांनी न काढता चिमट्याने काढा आणि वापरलेली पाती झाकणाच्या जाड डब्यात टाका, नुसत्या कचऱ्याच्या पिशवीत नको.

शेवटी मोरा या स्वीडिश कंपनीची एक साधी सुरी हातात घेतली. प्लॅस्टिक-रबराची मूठ, दहा सेंटिमीटरच्या आसपास पातं, अडीच मिलिमीटर जाडी. ती पाहून आपण काही खास घेतोय असं वाटत नाही. पण त्या दिवशी ज्या सुरीने माझं कातडं सगळ्यात स्वच्छ निघालं ती हीच. मी वहीत फक्त तेवढंच लिहिलं.

घरी आल्यावर काय नको ते आधी ठरवलं, ते सोपं होतं. पात्याच्या पाठीवर आकडा (हूक) असलेली सुरी नको. पोट फाडायचा तो आकडा हरणासाठी ठीक असेल, पण फरचं जनावर सोलताना पोटाची पोकळी उघडायचीच नसते, आणि आकड्याच्या आत दगड पोहोचत नसल्याने त्याला धार लावणं कटकटीचं. दातेरी पातं नको, ते कातडं कापत नाही, फाडतं. मिटणारी सुरीही मुख्य कामासाठी नको, बिजागरीत रक्त, चरबी आणि केस जाऊन बसतात आणि ते नीट धुता येत नाहीत. मिटणाऱ्या सुरीबद्दल कॅनडात आणखी एक अडचण आहे. बटणाने, किंवा मनगटाच्या झटक्याने उघडणारी सुरी इथल्या फौजदारी कायद्यात निषिद्ध शस्त्र धरली जाते. बाहेरून मागवलेली मिटणारी सुरी सीमाशुल्क अधिकाऱ्याला तशी वाटली तर जप्त होऊ शकते. ज्यांना अमेरिकेतून स्वस्तात मागवायचा मोह होतो त्यांनी हे लक्षात ठेवावं. स्थिर पात्याची सुरी इथल्याच दुकानातून घेतली की हा प्रश्नच येत नाही.

मग पोलाद. यावर लोक इतकं बोलतात की नवख्या माणसाला वाटावं सगळं त्यातच आहे. मी वाचलं तेवढ्यातून मला पटलेलं सांगते. साधं कार्बन पोलाद, उदाहरणार्थ १०९५, ज्यात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो, ते पटकन धार घेतं, पण रक्त आणि ओल लागली की गंजतं. स्टेनलेस म्हणायला साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम लागतं. डी-२ नावाच्या पोलादात क्रोमियम बाराच्या आसपास असलं तरी कार्बनही दीड टक्का असतो, त्यामुळे बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी जोडलेल्या कठीण कणांत, अडकतं आणि ते पूर्ण गंजरोधक राहत नाही. ते धार फार वेळ टिकवतं, मात्र बोथट झालं की साध्या दगडावर पुन्हा आणायला जीव जातो. ट्रॅपरच्या शेडमध्ये दर काही मिनिटांनी धार ताजी करावी लागते. म्हणून मी ठरवलं की धार जास्त टिकण्यापेक्षा ती झटकन परत येणं मला जास्त मोलाचं आहे. मऊसर स्टेनलेस, जे चामड्याच्या पट्ट्यावर दहा-पंधरा वेळा ओढलं की पुन्हा कापायला लागतं, ते माझ्यासाठी बरं. ज्यांचा हात दगडावर बसलेला आहे त्यांनी खुशाल कठीण पोलाद घ्यावं.

मुठीबद्दल कुणी फार सांगत नाही, आणि मला तर ती पोलादापेक्षाही जास्त महत्त्वाची वाटते. बीव्हरच्या चरबीने हात असे बुळबुळीत होतात की गुळगुळीत लाकडी मूठ फिरते. थंड शेडमध्ये धातूची मूठ बोटं बधिर करते. खरखरीत रबरी मूठ, पुढच्या बाजूला बोट घसरून पात्यावर जाऊ नये इतका छोटा उंचवटा, आणि पात्याची पाठ अशी की अंगठा व तर्जनीने चिमटीत धरता यावी. सोलताना सुरी मुठीत आवळून धरायची नसते, ती पुढे, पात्याच्या पाठीवर बोट ठेवून धरायची. दुकानात हातमोजा घालून धरून बघा. मी नायट्राइलचे हातमोजे खिशात घेऊनच गेले. दुकानदाराने मुळीच आश्चर्य दाखवलं नाही, उलट अजून दोन सुऱ्या काढून दिल्या. रंगाचंही सांगते, नारिंगी मूठ घ्या. काठावरच्या पाचोळ्यात किंवा बर्फात पडलेली काळी मूठ सापडत नाही.

मार्च २०२३ मध्ये मी दोन सुऱ्या घेतल्या. मोठ्या कामाला साडेतीन इंच पात्याची, चांगलं वळण आणि जरा बोथटसर, खाली उतरलेलं टोक असलेली स्थिर सुरी. ती दुकानात नव्हती, मागवावी लागली आणि यायला तीन आठवडे लागले. नाजूक कामाला दोन-अडीच इंचांची, अणकुचीदार टोकाची छोटी सुरी, ती तिथेच मिळाली. मोठी ४५ डॉलरच्या आसपास, छोटी वीसच्या आत, त्यावर ऑन्टारिओचा १३ टक्के कर. टोकाबद्दल जरा थांबून सांगते, कारण दुकानात नजर नेमकी तिकडेच फसते. अणकुचीदार टोक देखणं असतं, पण बीव्हरच्या पोटाकडचं पातळ कातडं सोलताना नजर धारेवर असते आणि टोक पुढे जाऊन नकळत भोक पाडतं. म्हणून अंगाला बोथटसर टोक, डोक्याला तीक्ष्ण टोक. एकाच सुरीत दोन्ही मिळणार नाही. पैसे एकीचेच असतील तर ज्या जनावराचा परवाना वापरणार आहात त्याची घ्या.

सुरीपेक्षा जास्त पैसे धारेवर गेले. दोन बाजूंचा हिऱ्याचा दगड, एक बाजू ४०० आणि दुसरी १००० ग्रिटची (आकडा मोठा तितका दगड बारीक), आणि फळीला चिकटवलेला चामड्याचा पट्टा व घासायची पेस्ट, मिळून ७० डॉलर. हा खर्च कमी करू नका. सगळा उन्हाळा मी संध्याकाळी घरातल्या सुऱ्यांवर हात बसवत होते. दोन्ही बाजूंना साधारण अठरा-वीस अंशांचा कोन, तो सगळ्या लांबीभर सारखा ठेवणं हीच खरी कसरत. धारेच्या कडेवर काळ्या मार्करची रेघ मारायची आणि दोनदा घासून बघायचं, शाई सगळीकडून सारखी गेली म्हणजे कोन बरोबर. एका बाजूने घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला धातूची बारीक किनार उठते, ती अंगठ्याला आडवी जाणवते. ती सगळ्या लांबीवर आली की बाजू बदलायची, आणि शेवटी पट्ट्यावर ती काढून टाकायची. कागद न अडखळता कापला गेला की झालं. वळणापाशी कोपर हळूहळू उचलावं लागतं, नाहीतर टोकाकडची धार कायम बोथट राहते.

परीक्षा मी फेब्रुवारीच्या शेवटी उत्तीर्ण झाले होते. निकालाचं पत्र टपालाने यायला वेळ लागला, मग प्रांताच्या नैसर्गिक संसाधन मंत्रालयाच्या जिल्हा कार्यालयाशी पत्रव्यवहार, ओळखपत्राच्या प्रती, जमिनीच्या मालकीचे कागद. सरकारी जमिनीवरच्या नोंदणीकृत ट्रॅपलाइन, म्हणजे सापळे लावायला नेमून दिलेले पट्टे, वेगळ्या असतात, त्यांचे धारक ठरलेले असतात. माझा परवाना खाजगी जमिनीवरचा. दुसऱ्याच्या जमिनीवर सापळा लावायचा असेल तर मालकाची परवानगी लेखीच घ्या, बोलण्यावर जाऊ नका. आमच्या जमिनीच्या कागदावर दोघांची नावं आहेत, त्यामुळे नवऱ्याची सही लागली आणि त्यासाठी अर्ज एकदा परत आला. ऑक्टोबरमध्ये परवाना हातात पडला.

नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी, ओढ्याच्या कडेला नुकता बर्फ धरू लागला होता तेव्हा, पहिला बीव्हर मिळाला. सापळा पाण्याखालचा होता. शेजारचे ट्रॅपर सोबत होते, पण त्यांनी आधीच सांगितलं होतं की मी हात लावणार नाही. त्यांचे हात मागे बांधलेले आणि माझे थरथरत होते. त्यांनी घाई करू दिली नाही. आधी जनावर ओढ्यातच स्वच्छ धुतलं, शेडमध्ये टांगून फर कोरडी होऊ दिली, मग ब्रशने विंचरली. हे सुरीसाठीसुद्धा आवश्यक आहे. फरमधली वाळू आणि चिखल धार जितक्या लवकर मारतात तितकं मांस किंवा चरबी मारत नाही.

पोटावरची चीर आतून बाहेर द्यायची, म्हणजे टोक कातड्याखाली घालून धार वर ठेवायची, म्हणजे केस कापले जात नाहीत आणि खालचं मांसही फाटत नाही. गुदद्वाराजवळ जपून. तिथे कॅस्टर या उग्र वासाच्या द्रव्याच्या पिशव्या असतात, त्यांनाही वेगळी किंमत येते आणि त्या फुटल्या तर वास हातातून जात नाही. मग एका कडेपासून सुरुवात केली. डाव्या हाताने कातडं ताणून धरायचं, उजव्या हाताने पातं जवळजवळ आडवं ठेवून, धार किंचित मांसाकडे कलती करून लहान लहान झोके द्यायचे. ताण डाव्या हाताचा, सुरी फक्त पाठोपाठ जाते. कातड्याच्या आतल्या बाजूला केसांची मुळं काळ्या ठिपक्यांसारखी दिसू लागली, तर पातं खोल जातंय, तिथेच थांबून सुरी मांसाकडे वळवायची. तसे ठिपके दिसले त्या जागी फर पुढे गळते.

मला दीड तासाहून जास्त लागला. सरावलेली माणसं चरबीसकट भराभर ओरबाडून काढतात आणि मग कातडं उतरत्या ओंडक्यावर टाकून दोन मुठींच्या लांब सुरीने चरबी खरवडतात. माझ्याकडे तो ओंडका नव्हता, म्हणून सुरुवातीपासून स्वच्छ सोललं. पहिल्या वर्षी हेच करा असं मी सांगेन, वेळ लागला तरी चालेल. मध्ये कितीदा तरी पट्ट्यावर धार ताजी केली. थोडा जरी जोर लावावा लागला की समजायचं, धार गेली. जोर लावला की हात घसरतो आणि कातडं किंवा बोट, दोन्हींपैकी एक कापलं जातं.

डोक्यापाशी छोटी सुरी घेतली. कान कवटीला अगदी चिकटून कापायचे. डोळ्याभोवती टोक हाडाकडे ठेवायचं. ओठ आणि नाकापाशी तर नुसतं टोकच काम करतं. उन्हाळाभर केलेला सराव इथे कामाला आला, आणि दोन सुऱ्या घेतल्याचं पूर्ण समाधान वाटलं. शेडबाहेर येऊन बसले तेव्हा मनगट दुखत होतं आणि डोळ्यांत पाणी होतं. आनंद म्हणावा असं ते नव्हतं. एका जिवाचं काम नीट हातावेगळं झालं, असं काहीतरी होतं.

हातमोज्यांबद्दल आग्रहाने सांगते. बीव्हर, मस्करॅट आणि सशांपासून ट्युलरेमिया हा जिवाणूंचा आजार होऊ शकतो, त्याचे जंतू हाताच्या बारीक ओरखड्यातूनही शिरतात. रकूनच्या विष्ठेत माणसाला अपायकारक जंतांची अंडी असतात, आणि कोल्हा, रकून, स्कंक यांच्या लाळेतून व मेंदूच्या भागातून रेबीजचा धोका असतो. नायट्राइलचे हातमोजे दुहेरी घाला. डाव्या हातात त्यांच्यावर न कापला जाणारा विणलेला मोजा घातला तर अजून चांगलं, कारण बहुतेक वेळा कापला जातो तो ताणून धरणारा हात. नंतर काही दिवसांत ताप आला किंवा जखमेजवळ गाठ सुजली, तर डॉक्टरांना आपण कुठलं जनावर सोललं होतं हे आपणहून सांगा. प्रतिजैविकांनी ट्युलरेमिया बरा होतो, पण सांगितल्याशिवाय कुणाच्या मनात तो येत नाही.

सुरीही लगेच धुवायची. गरम पाणी, भांड्याचा साबण, मुठीच्या सांध्यात ब्रश, मग सौम्य ब्लीचचं पाणी, पुन्हा साधं पाणी आणि पूर्ण कोरडी. चामड्याच्या म्यानात ओली कधीच ठेवायची नाही. चामडं ओल धरतं आणि त्याने स्टेनलेसवरही डाग येतात. मी प्लॅस्टिकचं म्यान वापरते, त्याला तळाशी भोक आहे.

डिसेंबरमध्ये काही मस्करॅट मिळाले. त्यांना मोठी सुरी म्यानातून निघालीच नाही. एक सुरी सगळ्याला चालते असं जे म्हणतात, ते बहुधा एकाच प्रकारचं जनावर धरत असतात.

वाळलेली कातडी मी मार्च २०२४ मध्ये ऑन्टारिओतल्याच नॉर्थ बे शहरातल्या फर लिलावगृहाकडे दिली. ती संस्था ट्रॅपरांच्याच मालकीची आहे, आदिवासी आणि इतर दोन्हींच्या. विक्रीवर प्रांताची रॉयल्टी कापली जाते, आणि कातडं प्रांताबाहेर न्यायचं असेल तर निर्यात परवाना वेगळा काढावा लागतो. बीव्हरचं माप लांबी अधिक रुंदी असं इंचांत धरतात, आणि प्रतवारीत कातड्याच्या बाजूचे कापलेले, खरवडलेले भाग पाहतात. प्रतवारी करणाऱ्या बाईंनी माझ्या पहिल्या कातड्याच्या मानेपाशी बोट ठेवलं. तिथे दोन ठिकाणी पातळ झालंय, भोक नाही, पण ताणताना लक्ष द्या, म्हणाल्या. सुरी कुठली वापरता, हेही विचारलं आणि छोटी सुरी वेगळी आहे हे ऐकून मान डोलावली. पैसे फार नव्हते. दोन्ही सुऱ्या, दगड, पट्टा आणि हातमोजे यांचा खर्चही पहिल्या हंगामात निघाला नाही, हे नव्यांनी गृहीत धरूनच उतरावं.

पुढच्या हंगामासाठी दोन मुठींची खरवडायची सुरी घ्यायची आहे. तिची एक बाजू धारदार आणि दुसरी बोथट असते, आणि बोथट बाजूचा उपयोग जास्त होतो असं शेजारचे म्हणतात. त्यांच्या ओंडक्यावर आधी एक कातडं खरवडून बघणार, मग दुकानात जाणार.